तीन मिनिटं अलीकडे, तीन मिनिटं पलीकडे

यशवंतराव नवलगुंदकरांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक रेल्वेची नोकरी, आणि दुसरी, नोकरी संपल्यावर तिची आठवण.

हुबळीच्या कंट्रोल ऑफिसात ते बत्तीस वर्षं सेक्शन कंट्रोलर होते. म्हणजे कानाला फोन, हातात पेन्सिल आणि समोर टेबलभर आलेखाचा कागद. आडवी वेळ, उभी स्टेशनं. स्टेशनमास्तरानं फोनवर सांगायचं, गाडी अमुक वाजता सुटली, की कंट्रोलरनं तिची रेघ कागदावर पुढं न्यायची. गाड्या बघायला मिळत नाहीत, फक्त त्यांच्या रेघा. यशवंतरावांचं मत असं होतं की रेघ जास्त विश्वासू. गाडी उशिरा आली तर तिच्याकडं हजार कारणं असतात. वेळेआधी आली तर एकही नसतं. म्हणून लेट गाडीवर ते नुसते चिडायचे, बिफोर टाइम आलेल्या गाडीकडं मात्र संशयानं बघायचे.

दोन हजार साली रिटायर झाले. पुढच्या वर्षी बायको, जयलक्ष्मी, गेली. केशवापूरच्या भाड्याच्या घरात ते आणि त्यांचं वेळापत्रक असे दोघेच उरले. साडेपाचला उठणे. सहा दहाला चहा, एक कप. दुधाचं माप बदलायला त्यांना आठ महिने लागले होते, तोवर रोज अर्धा कप ओतून द्यावा लागे. दीडच्या बातम्यांआधी आकाशवाणी धारवाड टोले द्यायचं, त्यावर मनगटावरचं एचएमटी घड्याळ लावणे. तीन सेहेचाळीसला कुलूप. चारला वाचनालय.

हे मराठी वाचनालय स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत होतं, आणि त्याची एक जगावेगळी रीत होती. पुण्याचा पेपर तिथं साडेचारला यायचा. एकच प्रत. जो आधी आला त्याला ती आधी पंधरा मिनिटं मिळायची. त्यावरून एकदा दोन रिटायर्ड वकिलांची छत्र्यांनी जुंपली, तेव्हापासून ग्रंथपाल परशुराम प्रत्येकाची येण्याची वेळ रजिस्टरात मिनिटासकट लिहायचा. रजिस्टरवर वाद नाही. वकिलांनीही ते मान्य केलं होतं, यातच सगळं आलं.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये एके दिवशी यशवंतराव आत शिरले, तसा परशुराम रजिस्टरवरून मान न उचलता म्हणाला, "बर्री साहेब, या. आज बिफोर टाइम?"

"कोण?"

"तुम्हीच की. तीन सत्तावन्न."

यशवंतरावांनी मनगट बघितलं. तीन सत्तावन्न. कुलूप लावलं तेव्हा तीन सेहेचाळीस होते, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. रस्ता चौदा मिनिटांचा. वाटेत रेल्वे फाटक नाही, चढ नाही, थांबून भेटावं असं कुणी उरलेलं नाही.

"तुमचं घड्याळ पुढं आहे, परशुराम."

"आणि तुमचं?"

यशवंतरावांनी एचएमटी कानाला लावून बघितलं.

आठवड्याभरानं ते चार वाजून तीन मिनिटांनी पोचले. परशुरामनं वेळ लिहिताना पेन जरा जास्त दाबलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वय झालं, कधी पाय उचलतो, कधी नाही. यशवंतराव दुसरे कुणी नव्हते. ते पावलं मोजू लागले. लवकर पोचले त्या दिवशी सोळाशे दहा. उशिरा पोचले त्या दिवशीही सोळाशे दहा. दम तेवढाच, घाम तेवढाच. मग परशुरामला दोन पेढे देऊन त्यांनी मागची रजिस्टरं मागून घेतली आणि घरी आलेखाचा कागद पसरला. आडवे दिवस, उभी मिनिटं. मधोमध चारची सरळ रेघ, आणि रोजचा एकेक ठिपका.

ठिपके जोडले, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

थकवा असा दिसत नाही. लहरही अशी दिसत नाही. तीन मिनिटं अलीकडे, मग हळूहळू चारवर, मग तीन मिनिटं पलीकडे, पुन्हा चारवर. सतरा दिवसांत एक लाट, आणि लगेच दुसरी, पहिलीवर ठेवून गिरवल्यासारखी. बत्तीस वर्षांत भारतीय रेल्वेनं इतकं नियमित काही केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मागं मागं जात त्यांनी लाट कुठं सुरू होते ते शोधलं. दोन हजार एकच्या ऑगस्टपर्यंत सगळे ठिपके चारच्या रेघेवर, मुंग्या चालल्यासारखे. मग तेरा दिवस रजिस्टरात नावच नाही. सुतकाचे. चौदाव्या दिवसापासून लाट.

कागद त्यांनी भिंतीवर लावला आणि उभ्या बाजूचे आकडे खोडरबरानं पुसून टाकले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गणपतीला स्मृती आली. एकुलती मुलगी, पुण्यात पीएचडी करत होती, आणि तिचा विषय हुबळीतल्या एकाही नातेवाइकाला दोनदा सांगूनही पाठ झाला नव्हता. तिनं बॅग टेकवली, भिंतीकडं बघितलं आणि चपला काढायचं विसरली.

"अप्पा, हा पल्सार कुणी दिला तुम्हाला?"

"का?"

"सांगा की."

"एका जुन्या मित्रानं पाठवला. त्याला कळेना, हे काय आहे."

"कळेना काय, बोर्डावर लिहिल्यासारखं आहे." ती कागदाला नाक लावून उभी राहिली. "पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरणारा मेलेला तारा. फिरताना टिक टिक पाठवतो. तुमच्यापेक्षा वक्तशीर."

"अशक्य."

"बरं, तुमच्याइतका. आता असा वक्तशीर तारा कधी लवकर, कधी उशिरा टिक करायला लागला, तेही असं लाटेसारखं, तर त्याचा अर्थ एकच. तो एकटा नाही. त्याच्याबरोबर कुणीतरी आहे. ते दिसत नाही, पण दोघं एकमेकांभोवती फिरतात, म्हणून हा कधी जवळ येतो, कधी लांब जातो."

यशवंतरावांनी चहाचं आधण ठेवलं. पाठ तिच्याकडं ठेवणं त्यांना सोयीचं वाटलं.

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"बहुतेक श्वेत बटू."

"बटू? मुंज झालेला?"

"अप्पा. जळण संपलेला तारा असतो तो. लहानसा. नाहीसा होत नाही, नुसता निवत बसतो. आणि गंमत अशी, की पल्सार एवढा जोरात फिरतो तो त्याच्याच जिवावर. आधी त्यानं आपलं सगळं ह्याला घातलेलं असतं. ओतून ओतून ह्याला पळता केलेला असतो. मग स्वतः विझून, न दिसता भोवती फिरत राहतो."

"म्हणजे बायको," यशवंतराव म्हणाले.

स्मृती हसली. मग हसायचं थांबली, आणि चपला काढायला बाहेर गेली.

चहा पिताना त्यांनी विचारलं, वजन कळतं का त्याचं. कमीत कमी किती ते कळतं, ती म्हणाली, आणि हा हलका दिसतोय, अगदी हलका.

"एकेचाळीस किलो," यशवंतराव म्हणाले.

"काय?"

"काही नाही. आणि हे दोघं राहतात कुठं?"

"मी ज्यांच्यावर काम करते ते तारकागुच्छात. लाखो तारे एकमेकांना खेटून. दुर्गदबैलचा बाजारच समजा, शनिवार संध्याकाळचा. त्या गर्दीत धक्काबुक्की होते. कधी तिसराच कुणी मध्ये घुसतो, मूळच्या हलक्या जोडीदाराला बाहेर फेकतो आणि त्याची जागा घेतो. पल्सारला काय, तो टिक टिक करतच राहतो."

"आमच्या हुबळीत नाही चालायचं असलं."

मग ती मूळ मुद्द्यावर आली. तो दर सुट्टीला यायचा. अप्पा, पुण्याला चला. औंधला दोन खोल्या घेतल्यात. इथं कोण आहे तुमचं? दर वेळी यशवंतराव म्हणत, परशुराम आहे. या वेळी त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला.

"तो पल्सार तिथून उठून दुसरीकडं गेला, तर तो बटू कुठं राहील? जागेवर?"

"जागेला कशाला राहील? तो ह्याच्याशी बांधलेला आहे. हा जाईल तिथं तोही."

"नक्की?"

"अप्पा, थीसिस आहे तो माझा."

जाताना तिनं कागदावर एक तारीख लिहून दिली. चोवीस सप्टेंबर. त्या दिवशी तुमच्या मित्राचा पल्सार सगळ्यात उशिरा येईल, कारण तेव्हा तो पलीकडे असेल आणि बटू बरोबर मध्ये. बटू लहान, तो ह्याला झाकू शकणार नाही. पण त्याच्या अंगाजवळून येताना टिक थोडी अडखळते. उशिरा पोचते. मित्राला म्हणावं, बघ.

चोवीसला यशवंतराव चार वाजून तीन मिनिटांनी वाचनालयात पोचले. दारातून तिरकं ऊन परशुरामच्या टेबलापर्यंत आलं होतं. ते टेबलासमोर उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पेपर आला काय?"

परशुराम त्यांच्याकडं बघत होता. चेहरा सगळा ऐकण्याच्या तयारीत, जसा माणूस समोरचा बोलायची वाट बघताना करतो. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. यशवंतरावांनी सेकंदकाटा धरला. सात. अकरा. अठरा.

"अजून नाही," परशुराम म्हणाला. आणि लगेच, "साहेब, तोंड मिटून कसं बोलता तुम्ही?"

"म्हणजे?"

"मघा नुसतेच ओठ हलवलात. आता आवाज आला, तर ओठ बंद." तो डोळे चोळू लागला. "मोतीबिंदू आला बघा मला. तुमच्या शर्टाची वरची दोन बटणं दिसली, खालची दिसेनातच. धुकं धरल्यासारखं."

यशवंतरावांनी शर्टाकडं बघितलं. सहा बटणं होती, सहाही जागेवर. लग्नाच्या फोटोत जयलक्ष्मी त्यांच्या दुसऱ्या बटणापर्यंत आली होती, तीही पाटावर उभी राहून. नंतर पाट गेला आणि तिसऱ्या बटणावर संसार झाला.

त्या दिवशी त्यांनी पेपर वाचला नाही. घरी आले, डायरी काढली, आणि जुन्या सवयीनं एवढंच लिहिलं: मुक्काम अठरा सेकंद. राइट टाइम. रात्री स्मृतीला फोन करून सांगितलं, डिसेंबरमध्ये येतो. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. पण त्याचं कारण साधं होतं, ती रडत होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथं थांबले असते तर ठीकच राहिलं असतं.

पण घर आवरताना जयलक्ष्मीची पेटी निघाली, आणि पेटीत इरकल साडी निघाली, तिच्यावर मॅचिंग खण नसलेली. बत्तीस दिवाळ्या ती एकच मागणं मागत होती. एकदा माझ्याबरोबर दुर्गदबैलला चला. सावकाश. घड्याळ न बघता. बत्तीस वेळा ड्यूटी आडवी आली होती. त्यातल्या नऊ वेळा खरोखरची.

दहा नोव्हेंबरला, दिवाळीच्या तोंडावर, त्यांनी अडीचला कुलूप लावलं. घड्याळ काढून खिशात ठेवलं. डावा हात अंगापासून जरा लांब धरून ते चालू लागले, कुणी शेजारी असलं म्हणजे धरतात तसा.

दुर्गदबैलात मुंगी शिरायला जागा नव्हती. हातगाड्या, ऑटो, पणत्यांचे ढीग, उटण्याचा वास, कापडाच्या दुकानांतून "बर्री अक्का, बर्री" अशा आरोळ्या. यशवंतरावांनी प्रत्येक खिडकीसमोर थांबायचं ठरवलं होतं आणि थांबले. खणाच्या दुकानात त्यांनी लाल खण मागितला, मग डावीकडं वळून बघितलं आणि हिरवा घेतला.

"अक्कांना दाखवून घ्या की," दुकानदार म्हणाला. "पसंत पडला पाहिजे."

"पडला," यशवंतराव म्हणाले.

भांड्यांच्या आळीच्या कोपऱ्यावर समोरून लोखंडी पत्रे लादलेली हातगाडी आली. गर्दी मागं सरकली, मागची गर्दी पुढं. यशवंतरावांना डाव्या बाजूनं धक्का बसला. तिथं कुणी नव्हतं; डाव्या बाजूला बंद दुकानाची फळी होती. धक्का मात्र भरदार होता, भरलेल्या पोत्यासारखा माणूस आदळावा तसा. ते फळीला धरून उभे राहिले. गाडी गेली. गर्दी मोकळी झाली.

खण हातात नव्हता. त्यांनी पायांखाली शोधला, गाडीवाल्याला विचारलं, दुकानापर्यंत परत गेले. मिळाला नाही. डावा हात त्यांनी पुन्हा लांब धरला, तेव्हा तो कोपरापर्यंत गार पडला होता.

"जया, चल," ते हळू म्हणाले. हे वाक्य त्यांनी यापूर्वी नेहमी घड्याळ बघत म्हटलं होतं.

त्यानंतरही ते रोज वाचनालयात गेले. पाच डिसेंबरला पुण्याची गाडी होती. निघताना परशुरामनं रजिस्टराची शेवटची पानं स्वतःच्या हातानं उतरवून दिली आणि विचारलं, पत्ता बदलला तरी पेपर तोच वाचणार ना. गाडी पुण्यात बावीस मिनिटं लेट पोचली. यशवंतरावांनी रेल्वेला मनोमन माफ केलं.

औंधच्या खोल्यांत त्यांनी पहिल्याच आठवड्यात नवा कागद पूर्ण केला. आकडे पुसले आणि स्मृतीसमोर ठेवला. तिनं तो संगणकाला खाऊ घातला, थोडा वेळ पडद्याकडं बघितलं आणि शीळ घातली.

"तुमच्या मित्राला सांगा, नशीबवान आहे. असं बघायला मिळत नाही कुणाला."

"काय?"

"दहा नोव्हेंबरपर्यंत सतरा दिवसांची लाट. दहानंतर नऊ दिवसांची, आणि उंची दुपटीला जवळ. सांगितलं होतं बघा तुम्हाला, गर्दीतलं? बदलला. आधीचा गेला, हा दुसराच कुणी आहे."

"कशावरून?"

"जड आहे हा, अप्पा. फार जड."

यशवंतराव खिडकीपाशी गेले. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं.

"आधीचा जातो कुठं?"

"कुठंही. सुटा होतो. एकटा फिरतो."

"त्याला कळतं, हा कुठं गेला ते?"

"तारे आहेत ते," स्मृती म्हणाली. मग सवयीनं तिनं तारीखही काढून दिली. चौदा डिसेंबर.

चौदाला स्मृती थीसिस लिहायला घरीच होती. चारला पाच मिनिटं कमी असताना ती चहाचे कप घेऊन टेबलाशी बसली. यशवंतरावांनी समोरच्या खुर्चीवरून वाचनालयाचा नंबर फिरवला. सकाळपासून त्यांना परशुरामचा आवाज ऐकावासा वाटत होता. जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं होतं, आणि ते दोन्ही वेळा फार उशिरा आलं होतं.

"बर्री साहेब," परशुराम म्हणाला. "काय म्हणतंय पुणं?"

"आहे. तुझा मोतीबिंदू?"

"डॉक्टर म्हणतो, नाहीच. डोळे पोरासारखे आहेत म्हणे." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही गेल्यापासनं दाराचं मात्र काहीतरी झालंय बघा."

"कुठल्या दाराचं?"

"आपलंच, जाळीचं. रोज उघडतं. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. उघडतं, जरा वेळ तसंच राहतं, कुणी डोकावून बघावं तसं, आणि मिटतं. वकीलसाहेब म्हणाले, वारा. मी म्हटलं, वारा असा घड्याळ लावून येतो होय?"

"किती वाजता?"

"बरोबर चारला. एक मिनिट अलीकडं नाही, एक मिनिट पलीकडं नाही. तुम्ही पूर्वी यायचात की नाही, अक्का होत्या तेव्हा? तसं." फोनमधून जाळीच्या दाराची बिजागरी करकरली. परशुराम हसला. "ऐकलात? हे बघा, आलं."

यशवंतरावांनी मनगट बघितलं. चार.

"परशुराम," ते म्हणाले, "तिला बसायला सांग. मी येतो."

"हॅलो?" परशुराम म्हणाला.

"तिला बसायला सांग. दार मिटू देऊ नकोस."

"हॅलो साहेब? आवाज येईना. हॅलो?"

यशवंतरावांनी मान वर केली. समोर स्मृती बसली होती. ती त्यांच्याकडंच बघत होती आणि तिला ते दिसत नव्हते. ती डावीकडं झुकली, मग उजवीकडं, मग खुर्चीतून थोडी उठून मान उंच केली; नाटकाला पुढच्या खुर्चीत धिप्पाड माणूस येऊन बसल्यावर माणूस करतो, तशी.

"अप्पा?" ती म्हणाली.

फोनमध्ये बिजागरी पुन्हा करकरली, आणि दार मिटल्याचा आवाज आला.

"मिटलं," परशुराम स्वतःशीच म्हणाला. "लाइन गेलेली दिसते." त्यानं फोन ठेवला.

यशवंतरावांनी ठेवला नाही. वाक्य पाठवून झालं होतं, ते पोचायचं होतं, आणि गाडी पोचेपर्यंत कंट्रोलर फोन सोडत नाही. त्यांनी सेकंदकाट्यावर नजर धरली. अठरा झाले. चाळीस झाले. डावा हात खांद्यापर्यंत गार पडला. काटा एक पूर्ण फेरा करून बारावर आला आणि दुसऱ्या फेऱ्याला लागला, तरी खोलीत त्यांचा आवाज आला नव्हता.